साहस, धाडस आणि मागे फिरणं

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यातच गाठलं आणि मोबाईल पुढे केला. त्यांचा नातू कॅनडात असतो. व्हिडिओत तो पायाला स्की बांधून एका पांढऱ्याशुभ्र डोंगराच्या माथ्यावर उभा. आजूबाजूला रस्ता नाही, खांब नाही, माणूस नाही. बघता बघता त्यानं खाली झेप घेतली. आजोबा म्हणाले, "सर, याला धाडस म्हणायचं की मस्ती? तुम्ही तत्त्वज्ञानवाले, तुम्हीच सांगा." म्हटलं, जिन्यात नको, पुढच्या वेळी बोलतो. तर हे ते बोलणं.

आधी कबुली देतो. मी जन्मात स्की पायात घातलेली नाही. आमच्या बाळकुमला बर्फ बघायचा तो मासळीच्या टोपलीत. पण उमेदीच्या वर्षांत सह्याद्रीच्या घाटवाटा तुडवल्यात, त्या जोरावर बोलतोय.

या प्रकाराला बॅककंट्री स्कीइंग म्हणतात. औली-गुलमर्गला आपण जे बघतो, तिथे वर न्यायला रोपवे असतो, उतार नीट दाबून केलेला असतो. इथे तसलं काही नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवायचा. पूर्वी तो सीलच्या कातड्याचा असे, आता मोहेर किंवा नायलॉनचा. त्याचे केस एकाच दिशेला वळलेले, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. असं तासन् तास चढायचं, वर पट्टा काढायचा आणि काही मिनिटांत खाली यायचं. हिशेबी माणसाला हा व्यवहार परवडणारा नाही.

आता या मंडळींची राहणी बघा. पहाटे उठून पहिलं काम म्हणजे हिमस्खलनाचा अंदाज वाचणं. युरोपात 1993 पासून धोक्याची पाच पायऱ्यांची मोजणी आहे. गंमत अशी की पाचव्या पायरीला माणसं फारशी मरत नाहीत, कारण त्या दिवशी बहुतेक सगळे घरीच बसतात. पुष्कळसे मृत्यू होतात ते तिसऱ्या पायरीला. 'जावं की न जावं' असं वाटायला लावणारा दिवस तो. शिवाय प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारं आणि पकडणारं एक छोटं यंत्र असतं, सॅकमध्ये फावडं आणि बर्फात खुपसून बघायची लांब सळई. हे सामान स्वतःसाठी नसतं, हे लक्षात घ्या. माझं फावडं तुम्हाला उकरून काढण्यासाठी, तुमचं मला. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर बरीच आशा असते, नंतर ती झपाट्यानं घटते. हेलिकॉप्टर येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून उतरतानाही एकेकानं उतरायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून नजर ठेवायची.

एवढं सगळं शिकलेली माणसंही मरतात. का? इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 1972 ते 2003 या काळातले 715 अपघात तपासले. त्याला दिसलं ते असं, की धोक्याच्या खुणा बऱ्याचदा डोळ्यांसमोर होत्या. माणसं फसली ती मनाच्या सवयींनी. जागा ओळखीची आहे. ठरवलंय तर आता जायचंच. इतर लोक गेलेच आहेत. ताजा बर्फ पुन्हा मिळणार नाही. चारचौघांत आपण कमी दिसू नये. आणि बरोबर जाणकार आहे, त्याला कळतं.

हे वाचलं तेव्हा मला बेलपाडा आठवलं. आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याखाली हे गाव आहे. तिथून नळीची वाट गडावर चढते. वाट कसली, दोन कड्यांमधली धोंड्यांनी भरलेली घळ. आम्ही सहा जण होतो, ऑक्टोबर महिना. आमचा म्होरक्या ती वाट आधी चारदा चढलेला. गावातले एक म्हातारे बाबा वाटाड्या म्हणून बरोबर आले होते. अर्ध्या वाटेत त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "पानी येल. आज नको." म्होरक्या हसला. ढग मीही बघितला होता. पण महिनाभर ठरवून आलेलो, सोमवारी कॉलेज, आणि चारचौघांत भित्रा कोण ठरणार? गप्प बसलो. बाबांना तिथूनच परत फिरता आलं असतं. ते फिरले नाहीत, आमच्याबरोबर चढत राहिले.

तासाभरात घळीतून पाणी आलं, पाण्याबरोबर दगड आले. एकाचा घोटा मोडला. रात्र एका कपारीत काढली. सकाळी बाबा खाली जाऊन गावातून माणसं घेऊन आले आणि झोळी करून त्याला उतरवलं. ठरल्याप्रमाणे बाबांच्या हातावर पंधरा रुपये ठेवून आम्ही एसटी पकडली. झोळी वाहणाऱ्यांना काय दिलं, ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. ॲरिस्टॉटलनं धैर्याला भित्रेपणा आणि बेफिकिरी यांच्या मध्ये बसवलं, ते आपण वर्गात घोकतो. मला मात्र आपल्याकडचा एक शब्द जास्त शिकवून गेला. साहस हा शब्द आज आपण कौतुकानं वापरतो, पण मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत 'साहस' येतं ते बळजबरीचा गुन्हा म्हणून. जोर स्वतःचा, इजा दुसऱ्याला. नळीत आम्ही केलं ते या जुन्या अर्थानं साहस होतं. जीव आमचे होते हे खरं, पण बाबांचाही जीव आम्ही न विचारता पणाला लावला. लोणावळ्याचे 'शिवदुर्ग मित्र' किंवा तसेच इतर गट ऐन पावसात दरीत उतरतात ना, ती घरदार असलेली, नोकरीधंदा करणारी माणसं असतात. त्यांना गृहीत धरून कड्याच्या टोकावर सेल्फी काढणाऱ्याचं 'माझा जीव, माझी मर्जी' हे म्हणणं मला पटत नाही. म्हणून बंदीही नको. बंदी घातली तर लोक चोरून जातात, आणि चोरून जाणारा कुणालाच सांगून जात नाही.

(श्रोत्यांतून एका मुलीनं विचारलं : ग्रुपमध्ये नवीन असताना 'परत फिरू या' असं म्हणायचं कसं?)

चांगलं विचारलंस, बाळ. मी तर नवीन नसतानाही म्हणू शकलो नाही. स्कीवाल्यांच्या काही गटांत रीत असते की एकजण जरी 'नको' म्हणाला तरी तो उतार रद्द. कारण विचारायचं नाही, नंतर चेष्टाही करायची नाही. पण हे डोंगरात ठरत नाही, तिथे सगळ्यांना चेव असतो. कल्याण स्टँडवर चहा घेतानाच ठरवून टाका : एक वाजेपर्यंत अमुक जागी पोचलो नाही, तर मागे. वाटाड्या नको म्हणाला, तर मागे. आणि हे म्होरक्याच्या तोंडून वदवून घ्या.

तो हसला, तर मुरबाडच्या गाडीत बसू नकोस. घरी ये.