मोठं ते गोड

घरात गाणं चालू असताना, ऐकणाऱ्याला पत्ता लागू न देता, व्हॉल्यूमचं बटण केसभर पुढे सरकवा. इतकंच, की आवाज वाढल्याचं त्याच्या लक्षात येऊ नये. मग विचारा, आधीचं बरं होतं की आत्ताचं? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘आत्ताचं. जरा मोकळं वाटतंय. तबल्याला वजन आलंय, गायिकेचा श्वाससुद्धा ऐकू येतोय.’ आवाज वाढवला का, असं कुणीच विचारत नाही. एवढीशी वाढ कानाला वाढ म्हणून कळत नाही, ती गोडवा म्हणून कळते.

गाणं ऐकण्याची हौस असलेल्या घरात अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मधे कधीकधी एक बुटकी पेटी दिसते. पुढे दोन काचा, आत पिवळसर उजेडात डोलणारे दोन काटे, खाली दोन-चार बटणं आणि मागे वायरींचा गुंता. पेटीची कामं दोनच. किती आवाज चाललाय ते काट्यानं दाखवायचं आणि तो कुठून कुठे जावा ते बटणानं ठरवायचं : हा अ‍ॅम्प की तो, हे स्पीकर की ते. पाहुण्यांना ती शोभेची वाटते. खरं तर कानाची वर सांगितलेली फसगत रंगेहाथ पकडायला घरात याहून साधं साधन नाही.

आधी काट्याकडे बघू. काचेआड एका लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं टांगलेलं असतं. तारेतून वीज गेली की वेटोळं वळतं, त्याला चिकटलेला काटा सरकतो आणि वीज थांबली की नाजूक स्प्रिंग त्याला परत आणते. या रचनेचं मूळ रूप १८८२ साली फ्रान्समध्ये द’आर्सोनव्हाल या शास्त्रज्ञानं बसवलं. पण आवाजाची वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा पुढे-मागे होत असते. ती तशीच दिली तर काटा जागच्या जागी थरथरत राहील. म्हणून वाटेत रेक्टिफायर बसवतात. तो सगळे हेलकावे एकाच दिशेला वळवतो आणि मग काटा उठतो.

उठायला किती वेळ घ्यायचा, हेसुद्धा ठरलेलं आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओचे कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून शहरोशहरी जात. एका टोकाचा माणूस म्हणे आवाज बरोबर आहे, दुसऱ्या टोकाचा म्हणे जास्त आहे, आणि दोघांचे मीटर वेगळे असल्यामुळे वाद मिटायचाच नाही. शेवटी बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा आणि सीबीएस, एनबीसी या रेडिओ कंपन्या यांनी मिळून १९३९ साली एकच मीटर मुक्रर केला. त्याचं नाव व्हीयू मीटर. पट्टी उणे २० पासून अधिक ३ पर्यंत, शून्याच्या पुढचा भाग लाल, पाठीमागचा कागद फिकट पिवळसर. अचानक आवाज आला, तर काट्याला शून्यापर्यंत पोचायला ३०० मिलिसेकंद लागले पाहिजेत, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं कमी. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण घरोघरी जात होतं तेव्हाही प्रक्षेपणाच्या खोलीत कुणाला तरी आवाजाची पातळी सांभाळावी लागतच होती. पातळी खाली गेली तर गाणं खरखरीत बुडणार, वर गेली तर आवाज फाटणार.

काट्याचा हा आळशीपणा मुद्दाम ठेवलेला आहे. हार्मोनियमचा लांबवलेला सूर लावा, काटा वर जाऊन शांत उभा राहतो. ढोलकीवर कडक थाप पडू द्या, काटा जेमतेम अर्ध्यात येतो आणि परत फिरतो. थापेचा कळस काही मिलिसेकंदांत येऊन जातो, तोवर काटा निघालेलाही नसतो. प्रत्यक्षात थापेची उंची काट्यानं दाखवल्यापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहूनही जास्त असू शकते. मग असा मीटर कशाला ठेवायचा? कारण कानही असाच आळशी आहे. क्षणभराच्या टोकावरून तो आवाजाचा मोठेपणा ठरवत नाही, थोडा वेळ साठवून सरासरी काढतो. काटा विजेचं टोक दाखवत नसला तरी माणसाला किती मोठं वाटेल ते बऱ्यापैकी दाखवतो.

आता त्या डेसिबलकडे. अगदी पुसट आवाजापासून कान दुखेल अशा आवाजापर्यंत, दोन्हींच्या ताकदीतलं अंतर सुमारे एक लाख कोटी पटींचं आहे. एकावर बारा शून्यं. पुसट आवाजाला कानाचा पडदा जेवढा हलतो ते अंतर एका अणूच्या रुंदीहूनही कमी असतं. एवढा पसारा एका काट्यावर मावायचा तर पट्टी बेरजेची चालत नाही, गुणाकाराची लागते. १० डेसिबल म्हणजे ताकद दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३ म्हणजे साधारण दुप्पट. आणि दहापट ताकद ओतल्यावर कानाला वाटतं काय, तर आवाज जवळपास दुप्पट झाला!

म्हणून वॅट दाखवणाऱ्या मीटरची पट्टी पाहून नवखा माणूस चक्रावतो. ०.०१, ०.१, १, १०, १०० हे आकडे समान अंतरावर बसलेले असतात आणि १०० वॅटच्या अ‍ॅम्पचा काटा रोजच्या ऐकण्यात डाव्या कोपऱ्यातच रेंगाळत असतो. साध्या घरगुती स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर सुमारे ८८ डेसिबल आवाज निघतो. गप्पांच्या पातळीवर गाणं ऐकायला वॅटचा शंभरावा हिस्सा पुरतो. ९ वॅटच्या एलईडी बल्बला लागणारी वीज थेट स्पीकरपर्यंत पोचवता आली तर तेवढ्यात ९०० स्पीकर गातील. मग ६०, १०० वॅटचा अ‍ॅम्प घ्यायचाच कशाला? तर त्या ढोलकीच्या थापेसाठी, जिला काटा गाठू शकत नाही.

कानाची फसगत होते कशी, ते १९३३ साली बेल लॅब्जमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी मोजलं. आवाज हळू असला की कानाला खर्जातले सूर नीट ऐकूच येत नाहीत. गप्पांपेक्षा हलक्या पातळीवर १०० हर्ट्झचा खर्ज १००० हर्ट्झच्या सुराइतकाच मोठा वाटावा, म्हणून त्याला २० डेसिबलहून जास्त ताकद द्यावी लागते. व्हॉल्यूम वाढवला की ही दरी कमी होते. खर्ज भरून येतो, वाद्यं सुटी होतात, गाणं अंगावर येतं. अ‍ॅम्प तोच, गाणं तेच, फक्त कान वेगळा ऐकू लागतो.

गाणी बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. एखादं जुनं भावगीत लावा आणि काट्याकडे बघा. शब्दागणिक तो उठतो, ओळ संपली की खाली येतो, सतारीचा तुकडा आला की पुन्हा चढतो. मग अलीकडचं एखादं दणकेबाज फिल्मी गाणं लावा. काटा उजवीकडे जातो आणि तिथेच थिजतो. हळूचे भाग वर उचलून आणि मोठ्या भागांची टोकं छाटून सगळं एका उंचीवर आणलेलं असतं, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्याशेजारी आपलं गाणं मोठं, आणि म्हणून गोड, वाटावं. कानाला सुगावा लागत नाही, काचेआड मात्र स्पष्ट दिसतं.

म्हणून दोन अ‍ॅम्पची तुलना करायची तर आधी आवाज सारखा करावा लागतो. १००० हर्ट्झचा एकसुरी चाचणी-आवाज लावायचा, बटणानं आलटून-पालटून दोन्ही अ‍ॅम्प ऐकायचे आणि दोघांचा काटा एकाच रेघेवर आणायचा. पण काट्याची रेघ जाड पडते. जाणकार ०.१ डेसिबलच्या आत जुळवणी मागतात. स्पीकरवर २ व्होल्ट असतील तर हा फरक फक्त २३ मिलिव्होल्टचा. तो टिपायला डिजिटल मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांना लावायचा. काटा अदमास देतो, आकडा पक्कं करतो.

बटण तितकंच महत्त्वाचं आहे, कारण आवाजाच्या बारीकसारीक पोताची आठवण काही सेकंदांतच विरू लागते. एका अ‍ॅम्पच्या वायरी काढून दुसऱ्याला लावेपर्यंत पहिला कसा वाजत होता हे कान विसरलेला असतो आणि उरते ती आपलीच समजूत. पेटीतला रिले, म्हणजे विजेनं हलणारा स्विच, हेच काम सेकंदाच्या शंभराव्या भागात करतो.

मात्र पेटी घेताना तिच्या पोटात काय आहे ते बघावं लागतं. दोन अ‍ॅम्पची आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत. भिडली तर एक दुसऱ्यात वीज ढकलतो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. म्हणून स्विच असा हवा, की आधी जुना संबंध तुटेल आणि मगच नवा जुळेल. छोट्या डिजिटल अ‍ॅम्पमध्ये पुष्कळदा स्पीकरची काळी तारसुद्धा जिवंत असते, जमिनीला जोडलेली नसते. अशा वेळी सगळ्या काळ्या तारा एकत्र बांधणारी स्वस्त पेटी घात करते. लाल आणि काळी, दोन्ही तारा बदलणारी पेटी लागते. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प तर स्पीकरविना चालू ठेवूच नये, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर बेतू शकतं. मीटर त्या मानानं निरुपद्रवी. ८ ओहमच्या स्पीकरशेजारी त्याचा अडथळा १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या वाट्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वीज तो घेतो.

हीच पेटी भाईंदरजवळच्या किनाऱ्यावर, उत्तनला नेली की एक वेगळाच धडा मिळतो. भाईंदर स्टेशनवरून बस मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत डोंगरीवरून उत्तनला उतरते तेव्हा खारी हवा आणि वाळत्या बोंबलांचा वास एकदमच अंगाशी येतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीची खाजणं. इथल्या घरात स्विच लवकर बोलू लागतो : बटण फिरवलं की खर्र, मग एक बाजू बंद, मग हलकं थोपटल्यावर पुन्हा सुरू. पावसाळ्यात, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना, गाणी ऐकायला सवड असते आणि नेमकी तेव्हाच हवा ओलसर असते.

स्विचचं झाकण उघडून भिंगातून पाहिलं तर कारण दिसतं. चांदीचा मुलामा दिलेली पाती काळवंडलेली असतात, पितळेच्या कडांना हिरवट बुरशीसारखा थर असतो. तो हिरवा थर खारी ओल आणि तांबं यांचा. काळा रंग मात्र मिठाचा नाही. ओहोटीला खाजणातल्या चिखलातून सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. त्यातलं गंधक चांदीला काळं करतं. आणि दोन पाती एकमेकांना टेकली म्हणजे पूर्ण चिकटली असंही नसतं. सह्याद्रीचा एक तुकडा उपडा करून दुसऱ्यावर ठेवला तर जसे फक्त काही सुळकेच टेकतील, तशी ती मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांवर भेटतात. सगळी वीज तेवढ्याच ठिपक्यांतून जाते. तिथे काळा थर बसला की वाट अडली.

यात एक गंमत आहे. जास्त वीज वाहणारा स्पीकरचा स्विच उशिरा बिघडतो, कारण तिथली वीज पातळ थर स्वतःच फोडून वाट काढते. आधी बिघडतो तो सीडी-रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर निवडणारा बारीक सिग्नलचा स्विच. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणारा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्टचा असतो, त्याच्यात थर फोडायची धमक नाही. म्हणून अशा जागी सोन्याचा मुलामा लागतो. सोन्याला ना मीठ खातं ना गंधक. हा दिखावा नव्हे, किनाऱ्यावर तर गरजच आहे. स्पीकरच्या बाजूला मात्र बंद डबीतला साधा रिले पुरतो. बटणाचा स्विच असेल तर आठवड्यातून एकदा, अ‍ॅम्प बंद ठेवून, तो पाच-दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. पाती एकमेकांवर घासतात आणि स्वतःलाच पुसतात. नवा रिले किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर हवा असेल तर भाईंदरहून लोकलनं ग्रँट रोड गाठायचं, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

स्विच स्वच्छ आणि काटे जुळलेले असले की शेवटची परीक्षा. घरातल्या कुणालातरी बटणापाशी बसवायचं आणि आपण पाठ फिरवून ऐकायचं. तो आधी ‘अ’ ऐकवेल, मग ‘ब’, मग न सांगता दोन्हींपैकी एक. तो कुठला हे आपण लिहायचं. दहा वेळा करा. नुसत्या अंदाजानं पाच उत्तरं बरोबर यावीत. नऊ किंवा त्याहून जास्त बरोबर आली तर ती नशिबानं येण्याची शक्यता शंभरात एक इतकीच, तेव्हा फरक खरोखर ऐकू येतोय असं मानावं. ही पद्धत बेल लॅब्जमध्येच १९५० साली मांडली गेली. मांडणाऱ्यांतला एक तोच मन्सन होता, ज्यानं सतरा वर्षांपूर्वी कानाची फसगत मोजली होती.

या परीक्षेत अ‍ॅम्प-अ‍ॅम्पमधले पुष्कळ फरक विरघळून जातात. स्पीकरमधले मात्र टिकतात, आणि स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढल्यानं पडलेला फरक तर डोळे मिटून कळतो. कान बिनकामाचा नाही. त्याला समान पातळी आणि झटपट बदल या दोन गोष्टी दिल्या की तो फार बारीक निवाडा करतो. पुढच्या वेळी दुकानात कुणी दोन अ‍ॅम्प ऐकवू लागला आणि महागडा एकदम गोड वाटला, तर डोळे मिटून दाद देण्याआधी विक्रेत्याचा हात व्हॉल्यूमच्या बटणावर नाही ना, एवढं बघून घ्या.