फासा नको, चिठ्ठ्या चालतील

गुंजवण्यात पावसाळ्यात ढग उतरले की पायथ्याशी असूनही राजगड दिसत नाही. गेल्या जुलैत आम्ही दोन दिवसांसाठी तिथे गेलो होतो. चोरदरवाज्याच्या वाटेने पद्मावती माचीवर चढायचा बेत पावसाने पहिल्याच सकाळी मोडला. संध्याकाळी वीज गेली. मोबाइलला रेंज नव्हतीच. सोळा वर्षांच्या थोरल्याचे तोंड पाहण्यासारखे झाले होते.

हा मुलगा वर्षभर घरात असून नसल्यासारखा. जेवला की खोलीत, दार बंद. आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, दूरदर्शनवर ‘अलिफ लैला’ लागली की एका टीव्हीपुढे सारा शेजार जमायचा. आता घरात चार पडदे, चौघे चार कोपऱ्यांत, आणि पाचव्या अम्मीजान तसबीह घेऊन एकट्या.

आम्हाला पटावरच्या खेळांचा जुना शौक. पिशवीत ‘कॅटान’ होता. क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाने रचलेला हा खेळ १९९५ साली बाजारात आला. बेटावर वस्त्या आणि रस्ते बांधायचे, त्यासाठी गहू, विटा, लाकूड, मेंढ्या यांची एकमेकांशी देवघेव करायची. कोणाला काय पिकले ते दोन फाशांवर ठरते. कंदिलाच्या उजेडात आम्ही पट मांडला आणि फासे काढले.

“बेटा, फासा नको,” अम्मीजान म्हणाल्या.

“पैसे कुठे लावतोय, अम्मी?”

त्या काही बोलल्या नाहीत, पाठ फिरवून बसल्या. त्यांचेही चूक नव्हते. नर्दबद्दल हदीस आहे, आणि पैज नसली तरी बहुतेक फकीहांनी फाशांचा खेळ नापसंतच केला आहे. बुद्धिबळाबाबत मात्र त्यांच्यात मतभेद राहिले. पण हे सगळे त्या क्षणी थोरल्याला सांगायचे कसे? खेळ मांडला तर आई दूर जाणार, गुंडाळला तर मुलगा. आम्ही पट उचलायला हात घातला.

“दादी, चिठ्ठ्या चालतील?”

त्याने वहीचे पान फाडले आणि बोटांवर हिशेब मांडला. दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. दोन एकदाच येतात, तीन दोनदा, सात सहादा, बारा पुन्हा एकदा. तेवढ्या ३६ चिठ्ठ्या करायच्या. काढलेली चिठ्ठी बाहेर ठेवायची आणि सगळ्या संपल्या की पुन्हा भरायच्या. “फाशाला मागचे आठवत नाही, दादी. यात काय उरलंय ते लक्षात ठेवावं लागतं. डोकं चालवावं लागतं.”

अम्मीजान बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी कमरेचा बटवा सोडला, सुपारी रुमालात ओतली आणि बटवा पुढे केला. “घे. अमर अय्यारची झंबील.”

झंबील म्हणजे काय, हे धाकटीने विचारले आणि खेळ तासभर लांबला. अमीर हमजाचा साथीदार अमर अय्यार, त्याच्या झोळीत अख्खी दुनिया मावायची. अम्मीजानच्या वडिलांकडे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे सुटे खंड होते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून ते १८८३ पासून निघू लागले. आम्हाला तर फक्त अकबराचा ‘हमजानामा’ ठाऊक, सुमारे १४०० चित्रांचा, त्यातली फार थोडी उरली आहेत. थोरला ऐकतच राहिला. १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये अशीच अथांग झोळी असते, आणि ही कल्पना तिकडचीच असे तो इतके दिवस समजत होता.

इशाला उशीर नको म्हणून डाव अर्ध्यावर थांबवला. घरी आल्यापासून शनिवारी पट मांडतो. अम्मीजान अजूनही खेळत नाहीत, चिठ्ठी तेवढी काढतात. सात आले की दरोडेखोर कुठे बसवायचा हे मात्र नातवाच्या कानात सांगतात, आणि तो दर वेळी आमच्याच गव्हावर येऊन बसतो.