माती आणि गादी

कुस्ती हा महाराष्ट्राचा जुना मर्दानी खेळ. पूर्वी तो तांबड्या मातीतच खेळला जाई. चाळलेल्या मातीत तेल, हळद, ताक व लिंबाचा रस मिसळून ती मऊ राखीत. रोज पहाटे फावड्याने आखाडा खणण्याचे काम मल्लांकडेच असे. ते पाहणाऱ्यास वाटते तितके हलके नव्हे. त्यातच खांदे आणि कंबर कमावली जाई. मग जोर, बैठका, मुद्गल फिरविणे आणि मल्लखांब. आपल्या वर्ध्याशेजारी अमरावतीस १९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने असे देशी व्यायाम जतन केले आहेत. निकाली कुस्ती पाठ मातीला लागेपर्यंत चाले. म्हणून दीर्घकाळ दम टिकविणे हेच मल्लाचे मोठे बळ.

ऑलिंपिक सामन्यांत मात्र कुस्ती गादीवर होते. ही गादी म्हणजे निजावयाची नव्हे! ती फोमची, बारा मीटर लांब व तितकीच रुंद असते आणि तिच्यावर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते. मातीत पाऊल रुतते, त्यामुळे हालचाल संथ होते. घामाने हात निसटू लागला, तर मूठभर माती प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर टाकली की पकड बसते. गादीवर पाऊल रुतत नाही. मल्ल क्षणात वाकून प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरतो, आणि घामावर टाकावयास तेथे माती नसते.

कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हा फरक १९४८ साली लंडनला प्रथम जाणवला. गादीचा सराव नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशास १९९६ पर्यंत थांबावे लागले.

आज गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत संपते. निकाल पाठीप्रमाणेच गुणांवरही लागतो. दहा गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच थांबते. सहा मिनिटांत सारी शक्ती ओतावयाची आणि मधल्या अर्ध्या मिनिटात श्वास सावरावयाचा! म्हणून जोर-बैठकांच्या जोडीला वेगाने धावणे, दोरावर चढणे, वजने उचलणे आले. लंगोटाच्या जागी अंगाबरोबर बसणारा पोशाख आणि घोटा सांभाळणारे बूट आले. वजनगट ठरलेले असल्याने खुराकही मोजून घ्यावा लागतो. पूर्वीसारखी तुपाची वाटी डोळे मिटून रिती करता येत नाही.

तरीही मातीत कमावलेले अंग गादीवर वाया जाते, असे मला वाटत नाही. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल सामन्यांत ५७ किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. त्यांची सुरुवातही मातीतलीच. अडचण आहे ती गादीच्या किमतीची. लहान गावच्या तालमीस ती परवडत नाही, आणि तेथील मुलास गादी प्रथम दिसते ती एकदम स्पर्धेच्या दिवशी. 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असतात. दोहोंचे विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि ती लढत गादीवर होते.