मुलूख सोडविणे म्हणजे काय?

इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या शिवारात उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर एकही डोंगरी किल्ला दृष्टीस पडत नाही. नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधला हा मोकळा, सपाट मुलूख. आज येथे कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो, आणि आषाढात तुकोबांची पालखी याच भागातून निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत नीरा ओलांडून अकलूजला जाते. भोसल्यांच्या जुन्या मोकाशातला हा परगणा; परंतु गड नाही म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला फारशा ओळी येत नाहीत. तरीही शत्रूने बळकावलेला मुलूख परत कसा घ्यावा, या प्रश्नाचा विचार गडाच्या तटावरून न करता अशा शिवारातून करावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये मोठे युद्ध पेटल्यापासून नकाशावर बोट ठेवून लढाईचे भाकीत करण्याची सवय आपल्याकडील सुशिक्षित घरांतही रुजली आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात युक्रेनने खेरसन शहर परत मिळविले, ते वेशीवर डोके आपटून नव्हे, तर निप्रो नदीवरील पूल निकामी करून रशियन सैन्याची रसद तोडल्यामुळे. उलट, १९२३ नव्हे तर आपल्याच डोळ्यांदेखत, २०२३ च्या उन्हाळ्यात सुरुंग पेरलेल्या पक्क्या मोर्चेबंदीवर जो हल्ला झाला, तो फारसा पुढे सरकला नाही. कोणते ठाणे घ्यावे हा प्रश्न दुय्यम आहे. तूर्त काय सोडून द्यावे आणि शत्रूचे काय तोडावे, हा प्रश्न पहिला आहे. महाराष्ट्राने त्याचे उत्तर सव्वातीनशे वर्षांपूर्वी दिले होते.

त्याचा पहिला पाठ शिवछत्रपतींनी घालून दिला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन बारा राखणे, हे त्या क्षणी अपमानास्पदच होते. परंतु लढून सर्वस्व गमावण्यापेक्षा देऊन सैन्य व कारभार शाबूत ठेवणे त्यांनी पत्करले. पुढे दक्षिणेतील मोगल सरदारांत बेबनाव माजलेला पाहून १६७० च्या आरंभी कोंढाण्यापासून प्रारंभ केला, आणि दिलेल्यांपैकी बहुतेक किल्ले थोड्याच अवधीत परत घेतले. सोडण्याची वेळ आणि घेण्याची वेळ, दोन्ही त्यांनी स्वतः ठरविल्या.

दुसरा पाठ अधिक कठीण होता. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांचा वध झाला. नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजा नाही, राजधानी नाही, खजिना नाही, अशी ती स्थिती होती. राजाराम महाराजांनी एखाद्या गडावर अखेरपर्यंत झुंजून देह ठेवला असता, तर पोवाड्याला विषय मिळाला असता आणि राज्य संपले असते. त्यांनी जिंजीचा दूरचा रस्ता धरला. पळपुटेपणाचा आरोप त्या निर्णयावर सहज करता आला असता. पण त्याच्यामुळेच झुल्फिकारखानाची मोठी फौज १६९० पासून १६९८ पर्यंत त्या एका किल्ल्यापाशी गुंतून पडली. इकडे रामचंद्रपंत अमात्यांना हुकूमतपन्हा नेमून कारभाराचे सर्व अधिकार दिले. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी शत्रूला एका ठिकाणी गाठण्याऐवजी सर्वत्र सतावण्याचे तंत्र पत्करले.

आता पुन्हा शेळगावच्या शिवाराकडे यावे. संभाजी महाराज पकडले गेल्याची वार्ता औरंगजेबाला मिळाली ती अकलूजच्या छावणीत, म्हणजे नीरेच्या पलतीरावर. त्यांना नेले ते बहादूरगडास, म्हणजे भीमाकाठच्या पेडगावास. पुढे १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशहाचा मुख्य तळ पडला तो भीमेच्याच काठी, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीस. एवढी छावणी म्हणजे एक चालते शहरच. त्यातील माणसांना धान्य, घोड्यांना वैरण आणि हत्तींना चारा डोंगरावरून मिळत नव्हता. तो सपाटीवरच्या गावांतून आणि लमाणांच्या तांड्यांवरून येत होता. म्हणूनच मराठ्यांच्या फौजा किल्ल्यांइतक्याच या वाटांवर तुटून पडत. १६९९ नंतर वृद्ध बादशहा स्वतः सातारा, पन्हाळा, सिंहगड, राजगड असे किल्ले एकेक करून घेत सुटला. मराठे पावसाळा येईपर्यंत किल्ला झुंजवीत, मग बहुधा पैसा घेऊन तो स्वाधीन करीत, आणि मोगलांची पाठ वळताच परत घेत. १७०० साली राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी हेच धोरण निर्धाराने चालविले, आणि फौजा नर्मदेपलीकडे धाडून लढाई शत्रूच्या अंगणात नेली. १७०७ साली औरंगजेब अहमदनगर येथे मरण पावला, तेव्हा त्याने जिंकलेले अनेक किल्ले त्याच्या हातून निसटलेले होते.

येथवरचा इतिहास अभिमानाने सांगितला जातो, आणि तो तसा सांगावाही. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा मुलांकडून किल्ल्यांची नावे आणि सन घोकून घेत असू; किल्ला नसलेल्या गावाचे त्या काळात काय झाले, हा प्रश्न मात्र आम्ही कधी विचारला नाही. आज ती उणीव खटकते. ज्या युद्धात शत्रूची रसद तोडावयाची, त्या युद्धात रसद असते ती कोणाच्या तरी पेवातली. मोगल अंमलदार सारा मागे, मराठ्यांचे पथक चौथाई आणि घासदाणा मागे, आणि दुअमलीच्या या कात्रीत सापडलेल्या कुणब्याला नकार देण्यास तट नव्हता. १७०२ ते १७०४ या वर्षांत त्यावर दुष्काळ आणि रोगराई कोसळली. मोगलांच्या पदरी असलेल्या भीमसेन सक्सेना याने आपल्या फारसी आठवणींत रयतेची ही दैना नोंदवून ठेवली आहे.

किंमत आणखी एका मार्गाने द्यावी लागली. खजिना रिता असताना सरदारांना लढावयास लावण्यासाठी वतने व सरंजाम यांची आश्वासने देणे भाग पडले. १६९१ साली हणमंतराव घोरपड्यांना दिलेल्या पत्रात तर रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेरीस दिल्ली अशा टप्प्यांनी सरंजाम देऊ केलेला आहे. शिवछत्रपतींनी कटाक्षाने आवरलेली ही प्रथा संकटात उपयोगी पडली, पण संकट सरल्यावर ती मागे घेता आली नाही. हुकूमतपन्हा म्हणून ज्यांनी हा कारभार चालविला, त्याच रामचंद्रपंतांच्या नावे असलेल्या १७१५ च्या आज्ञापत्रात वतनदारांच्या वृत्तीविषयी कठोर इशारा यावा, यातच सर्व काही आले. त्यांनी निवडलेला मार्ग चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. दुसरा मार्ग तेव्हा उरलाच नव्हता. परंतु योग्य निर्णयाचीही किंमत असते, आणि ती निर्णय घेणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाला मोजावी लागते.

बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून स्वराज्याच्या सनदा आणल्या. त्यांतील परगण्यांच्या यादीत पुणे, सुपे, बारामती आणि इंदापूर यांची नावे आहेत. रायगड पडल्यापासून मोजले तर तीस वर्षे झाली होती. ज्याने त्या युद्धात तरुणपणी नांगर धरला, त्याचा नातू तोवर औताला लागला असेल.

दूरच्या कोणत्याही युद्धाविषयी मत देताना या तीस वर्षांची आठवण आपण ठेवावी. अमुक ठाणे अजून का घेतले नाही, असे घरात बसून विचारणे सोपे आहे. ज्यांचा मुलूख गेला आहे त्यांनी धीर सोडावा, असा याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्राने तो सोडला नाही, म्हणूनच आपण आज हे लिहीत आणि वाचत आहोत. परंतु किल्ल्यावर निशाण चढले म्हणजे मुलूख सुटला असे समजू नये. शिवारातल्या माणसाला एकाच धन्याला सारा देऊन उरलेले धान्य निर्धास्तपणे घरात नेता येईल, तेव्हाच तो सुटला म्हणावा.