विश्लेषण : अमेरिकेतील महामार्गावर ‘चाकांवरच्या घरा’त डिझेल भरणे एवढे किचकट का?

आपल्याकडे पंपावर गाडी लावली की कर्मचारी ‘झिरो बघा’ म्हणतो आणि उरलेले काम तोच करतो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे काम चालकानेच करायचे असते. साध्या मोटारीसाठी त्यात अवघड काही नाही. मात्र ४० फूट लांबीचे डिझेल मोटरहोम आणि त्यामागे जोडलेली आणखी एक मोटार घेऊन पंपावर वळायचे, तर गणित पूर्ण बदलते. कुठल्या पंपावर जायचे, कुठून आत शिरायचे आणि मुख्य म्हणजे कुठून बाहेर पडायचे, हे रस्ता सोडण्याआधी ठरलेले असावे लागते.

ही गाडी असते तरी केवढी?

या वर्गातील मोठ्या गाड्यांना ‘डिझेल पुशर’ म्हणतात, कारण इंजिन मागच्या टोकाला असते आणि ते गाडीला मागून ढकलते. लांबी ३५ ते ४५ फूट, उंची छतावरच्या वातानुकूलन यंत्रासह १२ ते १३ फूट. टाकी बहुधा १०० गॅलनची, म्हणजे सुमारे ३७८ लिटरची. काहींची १५० गॅलनपर्यंत. एका गॅलनमध्ये ही गाडी साधारण आठ मैल जाते. आपल्या हिशेबाने लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर. जून २०२२ मध्ये अमेरिकेत डिझेलचा सरासरी दर गॅलनला ५.८० डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा १०० गॅलन भरायला ५८० डॉलर लागत होते.

एवढी गाडी चालवायला ट्रकचालकाचा व्यावसायिक परवाना मात्र लागत नाही. कॅलिफोर्नियात ४० फुटांहून लांब गाडीसाठी बिगरव्यावसायिक ‘ब’ वर्गाचा परवाना घ्यावा लागतो. अनेक राज्यांत साध्या परवान्यावरही चालते. काल सेदान चालवणारा निवृत्त गृहस्थ आज बसएवढी गाडी घेऊन निघू शकतो, आणि त्याची परीक्षा बऱ्याचदा पहिल्या पंपावरच होते.

साध्या पंपावर अडचण काय?

पहिली अडचण वळण्याची. चालक पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो आणि मागच्या चाकांमागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो. पंपाजवळून वळताना पुढचा भाग सुटला म्हणून चालक निश्चिंत होतो. नेमके त्याच वेळी मागचे टोक उलट दिशेला फेकले जाते आणि पंपाच्या संरक्षक खांबाला घासते. दुसरी अडचण अधिक वाईट आहे. मागची मोटार चारही चाकांवर ओढली जात असेल, तर हे जोडकाम मागे घेता येत नाही. मागे घेतल्यास मोटारीची पुढची चाके आडवी होतात आणि जोडणीचा दांडा मोडू शकतो. पुढे रस्ता बंद निघाला, तर पंपाच्या आवारात, इतरांचे भोंगे ऐकत, मोटार सोडवावी लागते. म्हणूनच अनुभवी मंडळी आदल्या रात्री उपग्रह छायाचित्रावर पंपाचे आवार पाहून ठेवतात. हे अतिसावधपण वाटेल, पण ते नाही.

मग ट्रकच्या पंपावर का जायचे?

कारण तिथे जागा ऐसपैस असते, छत उंच असते आणि सरळ शिरून सरळ बाहेर पडता येते. महामार्गालगतच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर मोटारींचे पंप एका बाजूला आणि ट्रकचे दुसऱ्या बाजूला असतात. ट्रकला दोन्ही अंगांना टाक्या असल्याने त्याच्या मार्गिकेत दोन्ही बाजूंना नळ्या असतात. एका बाजूला मुख्य पंप, दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार ‘सॅटेलाइट’ पंप. मुख्य पंप सुरू केल्याशिवाय दुसरा चालत नाही. नवखा माणूस सॅटेलाइटची नळी घेऊन उभा राहतो आणि पंप बिघडल्याची तक्रार करतो.

ट्रकच्या नळीचे तोंड जाड असते आणि डिझेल मोटारीच्या पंपाच्या कितीतरी पट वेगाने येते. ट्रकची टाकी त्यासाठीच बनवलेली असते. मोटरहोममध्ये टाकीपर्यंतचा नळ लांब आणि वळणाचा असू शकतो. डिझेलला फेस येतो, नळी खट्कन बंद पडते, कधी इंधन अंगावरही उडते. उपाय साधा आहे. खटका पूर्ण न दाबता धार कमी ठेवायची आणि हातमोजे घालायचे. डिझेलचा वास घरात शिरला, तर झोपायचेही त्याच घरात असते.

ट्रकचालक नाराज का होतात?

अमेरिकेत ट्रकचालकाला दिवसाला ११ तास गाडी चालवता येते आणि तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांच्या वेळेची नोंद इलेक्ट्रॉनिक यंत्र करते. पंपावर रांगेत गेलेला वेळही या १४ तासांतून वजा होतो. पुढचे मोटरहोम पंपाशी तसेच सोडून जोडपे जेवायला आत गेले, तर मागच्या चालकाची कमाई तेवढी बुडते. म्हणून तिथली रीत अशी, की डिझेल भरून झाले की गाडी पुढे आखलेल्या रेषेपर्यंत न्यायची, मग पावती घ्यायला जायचे. काच पुसणे, कुत्र्याला फिरवणे हे सगळे नंतर, दुसरीकडे. काही थांब्यांवर मोटरहोमसाठी वेगळी मार्गिका असते. ती रिकामी असेल तर ट्रकच्या रांगेत घुसण्यात अर्थ नाही.

पैसे देण्यातही मेख आहे. पंपावर साधे कार्ड लावल्यास ठरावीक रकमेला पुरवठा थांबतो, कारण तेवढीच रक्कम आधी राखून ठेवलेली असते. टाकी भरायला दोन-तीनदा कार्ड लावावे लागते, किंवा काउंटरवर जाऊन आगाऊ रक्कम सांगावी लागते. ट्रकच्या पंपावरचा पडदा तर गाडीचा क्रमांक आणि मीटरचे आकडेही विचारतो.

चुकीची नळी उचलली तर?

इथेच खरा धोका आहे. हिरवी मूठ म्हणजे डिझेल हा अमेरिकेतला सर्वसाधारण समज. पण बीपीच्या पंपांवर हिरवा रंग पेट्रोलचा असतो. त्यात तिथे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. रंग न पाहता नाव वाचावे, हे उत्तम.

ट्रकच्या मार्गिकेत ‘डीईएफ’ची नळीही असते. ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असलेला हा द्रव धुरातील नायट्रोजनची ऑक्साइड कमी करतो. २०१० च्या उत्सर्जन नियमांनंतरच्या बहुतेक डिझेल इंजिनांना तो लागतो. ‘बीएस-६’ आल्यापासून आपल्या ट्रकचालकांनाही तो ओळखीचा आहे. त्याची टाकी वेगळी, झाकण निळे. तो डिझेलच्या टाकीत पडला, तर पंप आणि इंजेक्टर निकामी होऊ शकतात. असे झाल्यास इंजिन अजिबात सुरू करायचे नाही, चावीही फिरवायची नाही. गाडी ओढून न्यावी लागते, म्हणजे त्या दिवसाचे घरही गॅरेजमध्ये जाते.

तिसरी नळी ‘रीफर’ची. शीतपेटी असलेल्या ट्रेलरच्या यंत्रासाठीचे, लाल रंग घातलेले हे डिझेल रस्ताकरातून मुक्त असल्याने स्वस्त असते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या टाकीत ते सापडल्यास संघराज्याच्या कायद्याने किमान १००० डॉलर दंड होतो.

आग आणि थंडीचे काय?

अनेक मोटरहोममधला फ्रिज प्रोपेन वायूच्या ज्योतीवर चालतो. डिझेल चटकन पेट घेत नसले, तरी शेजारी पेट्रोलची वाफ असू शकते. त्यामुळे आवारात शिरण्यापूर्वी फ्रिज, पाणी तापवण्याचे यंत्र आणि हीटर यांच्या ज्योती विझवायच्या असतात. नेमकी हीच गोष्ट विसरली जाते, कारण ती डॅशबोर्डवर दिसत नाही.

टाकी पाव उरली की पंप शोधायचा, ही जुनी सवय अनेक जण पाळतात. घरातील जनित्र त्याच टाकीतून डिझेल घेते, पण त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते. पाव टाकीच्या आसपास जनित्र बंद पडते, म्हणजे निदान गाडी हलवण्यापुरते इंधन शिल्लक राहते.

हिवाळ्यात वेगळाच प्रश्न येतो. कडक थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर तुंबतो. थंड राज्यांतील पंपांवर त्या ऋतूत तसे मिश्रण मिळते. फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात भरलेले डिझेल तसे नसते. उत्तरेकडे निघालेल्या चालकाने दक्षिणेतले डिझेल शक्य तेवढे वाटेत संपवावे आणि मुक्कामाच्या आदल्या पंपावर स्थानिक डिझेलने टाकी भरून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीत ते गोठले, तर सकाळी हीटर चालवायला जनित्रही सुरू होत नाही.