पोर्शेच्या चाकात हवा किती?

आपल्या होस्टेलच्या निम्म्या खोल्यांत भिंतीवर पोर्शे ९११ आहे. हॉर्सपॉवर सगळ्यांना पाठ. टायरमध्ये हवा किती, ते विचारा! मेसमध्ये मला एकच उत्तर मिळतं, "चारी चाकांत ३२."

१९९७ साली आलेल्या ९९६ मॉडेलला, १८ इंची चाकांवर, कंपनी पुढे ३६ आणि मागे ४४ पीएसआय सांगते. एवढा फरक का? इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे टांगलेलं, म्हणून ६० टक्क्यांहून जास्त वजन मागे. वळणावर टायर जिकडे तोंड करून असतो त्यापेक्षा थोडा तिरका जातो, हा स्लिप अँगल. जड मागच्या बाजूला हवा कमी पडली की टायरची बाजू लवते, अँगल वाढतो आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. पुढे मॅकफर्सन, मागे मल्टिलिंक, सस्पेन्शन कितीही भारी असो. माझ्या मते पहिली स्प्रिंग टायरच. तीच ढिली, तर बाकीचे काय करणार?

आणि हे आकडे थंड टायरचे बरं का. ३० डिग्रीला ३६ भरलेली हवा ६० डिग्रीला ४१ दाखवते. (फर्स्ट इयरचा गॅस लॉ, ॲब्सोल्यूट प्रेशर घ्या, नाहीतर गणित चुकेल.) पंपावरचा पोऱ्या "जास्त झालीय साहेब" म्हणत ती काढतो. तिथे ३६ केलीत, तर सकाळी उरते जेमतेम ३१.

बाइकवाल्यांनो, डबलसीटला मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. चेनकव्हरवरचं स्टिकर कधी वाचलंय?