लाकूड कोरण्याचे यंत्र आणि बर

लाकूड कोरण्याचे विजेचे यंत्र घेताना बहुतेकांचे लक्ष प्रथम त्याच्या वेगाकडे जाते. वस्तुतः लाकूड कोरतो तो यंत्राच्या टोकाशी बसविलेला लहानसा दातेरी तुकडा. त्यास बर म्हणतात. दंतवैद्य दात कोरतो तोही याच जातीच्या हत्याराने.

बराची पारख तीन गोष्टींवरून करावी. पहिली गोष्ट द्रव्य. पोलादी बर स्वस्त असतो. परंतु सागवानात वाळूच्या जातीचे कठीण कण असल्यामुळे त्याची धार लवकर बोथटते. टंगस्टन कार्बाइडचा बर महाग खरा, पण पुष्कळ टिकतो. हिरकणी जडविलेला बर लाकूड घासतो. तो अखेरच्या नाजूक कामासाठी राखावा. दुसरी गोष्ट दांडी. तिची जाडी यंत्राच्या पकडीशी तंतोतंत जुळली पाहिजे. तिसरी गोष्ट व्यास. मिनिटास ३०,००० फेरे होत असता ३ मिलिमीटर व्यासाच्या बराची कड सेकंदास सुमारे ५ मीटर धावते, तर २० मिलिमीटरच्या बराची ३१ मीटर! म्हणून बर जितका मोठा, तितका वेग कमी ठेवावा. नाहीतर लाकूड करपते, दांडी वाकते आणि प्रसंगी बर निखळून अंगावर येतो. सबब वेग कमीजास्त करता येईल असेच यंत्र घ्यावे.

आणखी एक. छिन्नीने ढलपी पडते, बराने मात्र धूळ उडते. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली दिला. तेव्हा डोळ्यांना चष्मा, नाकातोंडावर धूळ अडविणारा मुखवटा आणि धूळ ओढून घेणारा पंखा, एवढी खरेदी यंत्राच्या आधी व्हावी.